संगणकाचे कवेलू कोण फेरणार?

नवा संगणक येण्याचा समारंभ आपण सर्वांनीच कधी ना कधी पाहिला आहे. खोक्याला हळदकुंकू लागते, नारळ फुटतो, मान्यवर कळ दाबतात, टाळ्या पडतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या तालुका पानावर छायाचित्र झळकते. ग्रामपंचायत असो, पतसंस्था असो, शाळा असो की महाविद्यालय, या सोहळ्यात फारसा फरक पडत नाही. परंतु तोच संगणक चार वर्षांनी कोणत्या अवस्थेत आहे, त्यात काय दुरुस्त व्हायचे राहिले आहे आणि ते दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणाच्या नावावर लिहिलेली आहे, हे विचारण्यासाठी कोणी व्यासपीठ उभारल्याचे ऐकिवात नाही. प्रस्तुत लेख त्या न उभारलेल्या व्यासपीठावरून लिहिला आहे असे समजावे.

विषय तसा रूक्ष. कविता, ललित लेख आणि ताडोबाच्या सहलीचे वर्णन यांच्यामध्ये सॉफ्टवेअर अपडेटची गोष्ट आली की पुष्कळजण पान उलटतील. त्यांना विनंती एवढीच, की आपली शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून येते, आपल्या वडिलांचा सातबारा ऑनलाइन निघतो, आईच्या लाडकी बहीण योजनेचा अर्ज २०२४ च्या पावसाळ्यात कोणत्या तरी केंद्रावरच्या संगणकातून गेला, आणि या प्रत्येक वेळी आपला आधार क्रमांक, बँकेचे खाते व अंगठा त्या संगणकापाशी ठेवून आपण घरी आलो. त्या संगणकाची प्रकृती हा मग आपल्या घरचाच प्रश्न होतो.

अपडेट म्हणजे नेमके काय? आपण कला शाखेची मंडळी, तेव्हा ओळखीचे उदाहरण घेऊ. जुन्या मराठी ग्रंथांच्या शेवटी शुद्धिपत्र जोडलेले असे. पृष्ठ अमुक, ओळ तमुक, अशुद्ध, शुद्ध. ग्रंथ छापून झाल्यावर लेखकाच्या किंवा मुद्रितशोधकाच्या ध्यानात आलेल्या चुका त्यात असत. संगणकाची प्रणाली म्हणजेही माणसांनी लिहिलेला मजकूरच होय. फक्त तो कोट्यवधी ओळींचा असतो आणि शेकडो हातांनी लिहिलेला असतो. त्यात चुका राहणारच. त्या सापडतील तशी कंपनी शुद्धिपत्रे काढते. मायक्रोसॉफ्टने तर ऑक्टोबर २००३ पासून त्यासाठी वारच ठरवून टाकला आहे: महिन्याचा दुसरा मंगळवार. अमेरिकेतील सकाळ म्हणजे आपल्याकडे मंगळवारची रात्र, म्हणून आपल्या कार्यालयांत ते बुधवारी उगवते.

पण ग्रंथाच्या आणि प्रणालीच्या शुद्धिपत्रात एक फार मोठा फरक आहे, आणि बहुतेकांचा गोंधळ तिथेच होतो. ग्रंथातील चूक वाचकाला फार तर चकवते. प्रणालीतील चूक हे भिंतीतले भोक असते. आणि शुद्धिपत्र प्रसिद्ध झाले की ते चोरही वाचतो. कोणती ओळ बदलली हे पाहून कोणते भोक बुजवले ते त्याला उलगडते. दुरुस्ती निघण्यापूर्वी जी गोष्ट चार जणांना ठाऊक होती ती दुरुस्तीनंतर जगजाहीर होते. ज्याने दुरुस्ती लावली तो सुटला. ज्याने लावली नाही त्याचा धोका आदल्या दिवसापेक्षा वाढला. "आमचे दोन वर्षांपासून काहीही न करता व्यवस्थित चालू आहे" असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी या मुद्द्याचा जरूर विचार करावा. त्यांच्या घराला दोन वर्षांत किती भोके पडली याची यादी दर महिन्याला जगभर छापून येत आहे.

याचा पुरावा हवा असल्यास २०१७ सालाकडे पाहावे. विंडोजमधील एका भोकाची दुरुस्ती त्या वर्षी १४ मार्चला निघाली होती. १२ मे रोजी त्याच भोकातून 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर विषाणू शिरला. मध्ये एकोणसाठ दिवस होते. इतक्या दिवसांत ज्यांनी एक बटण दाबले नाही अशा दीडशेच्या आसपास देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांवर लाल चौकट आली, फायली कुलूपबंद झाल्या आणि पैशांची मागणी झाली. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत रुग्णांच्या अंदाजे १९ हजार भेटी रद्द कराव्या लागल्या. आपल्या देशात आंध्र प्रदेशात पोलिसांचे संगणकही सापडले. त्या वेळी सर्वत्र असा समज पसरला की बळी पडले ते जुन्या एक्सपीचे संगणक. पुढे मोजदाद झाली तेव्हा दिसले की बहुतेक बळी विंडोज ७ चे होते. म्हणजे दुरुस्ती त्यांच्यासाठी वेळेवर निघालेली होती; ती लावलीच गेली नव्हती. दोष यंत्राच्या वयाचा कमी आणि माणसांच्या सवयीचा अधिक होता.

ही सवय आपल्याकडे कशी लागते हे मी रोज संध्याकाळी पाहतो. वर्ग संपल्यावर मी गावातल्या एका सेवा केंद्रात अर्ज भरण्याचे काम करतो. शेवटची तारीख, बाहेर रांग, त्यात लाइनचा लपंडाव. नेमका त्याच वेळी संगणक निळा पडदा दाखवून टक्के मोजू लागतो.

"भाऊ, मशीन काय करून राह्यली जी?"

"अपडेट होऊन राह्यली, बाबाजी. थोडं बसा."

बाबाजी बसतात. कोलाऱ्याकडून आलेले असतात, शेवटची एस. टी. सुटायची असते, आणि अंधारात जंगलाच्या रस्त्याने पायी जाणे म्हणजे काय हे आपल्या तालुक्यात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. अशा वेळी केंद्राच्या मालकाने त्रासून अपडेट कायमचे बंद करून टाकले तर त्याला दोष देताना माझी जीभ अडखळते. तथापि अडचण खरी असली तरी उपाय चुकीचा आहे. यंत्राला कामाचे तास कोणते ते सांगून ठेवता येते; त्या वेळेत ते स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होत नाही. ज्या संध्याकाळी काम नाही त्या संध्याकाळी आपण होऊन अपडेट मागवता येते. पाहुणा जेवायच्या वेळी न सांगता येतो म्हणून दार कायमचे लावून घेण्यापेक्षा त्याला येण्याची वेळ ठरवून देणे बरे. पण ही साधी गोष्ट केंद्रचालकाला कोणी सांगत नाही. एमएस-सीआयटीच्या वर्गात आम्हाला पत्र टंकलिखित करणे, ते सजवणे, त्यावर किनार काढणे हे सर्व शिकवले. यंत्राची निगा हा भाग वरवर उरकला गेला.

दुसरे कारण याहून गंभीर आहे आणि त्याविषयी उघड बोलणे आपण टाळतो. तालुक्याच्या गावी बरेचसे संगणक सुटे भाग जोडून तयार होतात. देणारा त्यात विंडोजची फुकटची, म्हणजे चोरीची, प्रत घालून देतो. कुलूप तोडणारे एक छोटे सॉफ्टवेअर सोबत घालतो. आणि चोरी उघडकीस येऊ नये म्हणून अपडेट बंद करूनच यंत्र हातात ठेवतो. घेणाऱ्याला वाटते तीन-चार हजार रुपये वाचले. ते कुलूप तोडणारे सॉफ्टवेअर कोणी बनवले, ते आत आणखी काय काय करते, हे ना देणाऱ्याला माहीत ना घेणाऱ्याला. शिवाय विषाणुरोधक सॉफ्टवेअर त्याला पकडू पाहते, म्हणून तेही बंद करावे लागते. म्हणजे चोराला घरात घ्यायचे म्हणून कुत्र्याला बांधून ठेवायचे! मला ठाऊक असलेल्या एका कार्यालयात (नाव घेण्याचे प्रयोजन नाही) असाच एक संगणक होता. एका सोमवारी सकाळी त्यातील प्रत्येक फायलीच्या नावामागे विचित्र अक्षरे चिकटलेली दिसली आणि एकही उघडेना. सुदैवाने तिथल्या वयस्क बाबूंनी कागदी रजिस्टर लिहिण्याची जुनी खोड सोडली नव्हती. पुढचे दोन महिने ते रजिस्टर पाहून सर्व नोंदी पुन्हा टंकलिखित करण्यात गेले. चोरीच्या प्रतीने वाचवलेले पैसे त्या दोन महिन्यांच्या पगारात कितीदा गेले याचा हिशेब कोणी मांडला नाही.

येथे आपल्यातील काही चिकित्सक प्राध्यापक एक आक्षेप घेतील, आणि तो घेण्यासारखाच आहे. अपडेट ही नेहमी चांगलीच वस्तू असते काय? अपडेटनेच यंत्र बिघडल्याची उदाहरणे नाहीत काय? आहेत, आणि त्यांतील सर्वांत मोठे १९ जुलै २०२४ चे आहे. क्राउडस्ट्राइक ही संगणकांचे रक्षण करणारी अमेरिकन कंपनी. तिने त्या शुक्रवारी आपल्या वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक सदोष फाइल जगभरच्या ग्राहकांना एकदम पाठवली. चूक ध्यानात येऊन ती १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली गेली; पण तेवढ्यात सुमारे ८५ लाख संगणक निळे पडून निपचित झाले होते. आपल्याकडे ती ऐन कार्यालय उघडण्याची वेळ. विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. आणि निपचित पडलेले यंत्र दुरून उठवता येत नसल्याने बहुतेक ठिकाणी एकेका संगणकापाशी माणूस जाऊन बसावा लागला. ज्यांचे संगणक त्या सव्वा तासात बंद होते ते मात्र वाचले. आमच्या केंद्रात त्या दिवशी काहीच झाले नाही. क्राउडस्ट्राइकसारखी महागडी राखणदारी इथे परवडते कोणाला!

याहून चमत्कारिक प्रकार २७ जून २०१७ चा, आणि तो महाराष्ट्राच्या दारात घडला. युक्रेनमध्ये व्यापारी लोक कराचा हिशेब ठेवण्यासाठी 'एमईडॉक' नावाचे सॉफ्टवेअर वापरत. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या अपडेट पाठवण्याच्या यंत्रणेतच शिरकाव केला आणि दुरुस्तीच्या वेष्टनात विष भरून पाठवले. ते 'नॉटपेट्या' या नावाने ओळखले जाते. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात ते शिरले आणि तिथून काही तासांत न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत पोचले. मर्स्क समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या तिथल्या टर्मिनलचे काम थांबले, कंटेनरांची नोंद हाताने करण्याची पाळी आली आणि मालमोटारी रस्त्यावर खोळंबल्या. नाशिकच्या द्राक्षापासून विदर्भाच्या कापसापर्यंत महाराष्ट्राचा माल ज्या बंदरातून बाहेर जातो, त्याचा एक दरवाजा युक्रेनमधील हिशेबाच्या सॉफ्टवेअरमुळे बंद व्हावा, यावरून हे जाळे किती घट्ट विणलेले आहे ते दिसते.

त्या प्रकरणातील दोन बारकावे मला विशेष वाटतात. नॉटपेट्या वॉनाक्रायच्याच भोकाचा उपयोग करत होता. म्हणजे दीड महिन्यापूर्वी जगभर बोंब झालेली असतानाही ते भोक कित्येक ठिकाणी तसेच होते. शिवाय तो शिरलेल्या संगणकाच्या स्मरणातून व्यवस्थापकाचा पासवर्ड उचलत असे आणि त्या पासवर्डने शेजारच्या दुरुस्त केलेल्या संगणकांतही जात असे. एका कार्यालयातील नऊ संगणक अद्ययावत आहेत, दहावा तेवढा कोपऱ्यात पडून आहे, आणि दहाही यंत्रांना एकच पासवर्ड आहे, तर नऊंना केलेली दुरुस्ती पुरेशी ठरत नाही. छपराचे तसेच असते. गळती एका फुटक्या कवेलूने होते आणि भिजते सगळे घर.

दुसरा बारकावा वाचून चिमूरकरांना हसू येईल. मर्स्कला पुढे सुमारे ४ हजार सर्व्हर व ४५ हजार संगणक दहा दिवसांत नव्याने उभारावे लागले, नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले. सर्व जाळ्याचा नकाशा ज्या मुख्य सर्व्हरांवर होता त्यांच्या प्रती जगभर एकाच वेळी पुसल्या गेल्या होत्या. फक्त एक प्रत वाचली, ती आफ्रिकेतील घाना देशात. कारण हल्ला झाला तेव्हा तिथली वीज गेलेली होती! भारनियमनाने एखाद्या बहुराष्ट्रीय कंपनीला तारल्याचे हे बहुधा एकमेव उदाहरण असावे. अर्थात यावरून आपल्या वीज मंडळींनी काही वेगळा बोध घेऊ नये.

तेव्हा आक्षेपाचे उत्तर असे, की अपडेट डोळे मिटून घेणे आणि अपडेट अजिबात न घेणे ही दोन्ही टोके घातकच. मधला रस्ता जुना आहे आणि तो आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. धानाचे नवे वाण आले की तो सगळ्या बांध्यांत एकदम लावत नाही. एका बांधीत लावून पाहतो, रोग येतो का, लोंबी भरते का ते बघतो, मग पुढच्या वर्षी वाढवतो. जाणत्या कार्यालयांत अपडेट असेच लावतात. आधी दोन कमी महत्त्वाच्या संगणकांवर, दोन-तीन दिवस छपाई, स्कॅनर, अंगठ्याचे यंत्र, पगाराचे सॉफ्टवेअर नीट चालते का पाहायचे, मग बाकीच्यांवर. फरक एवढाच की शेतकऱ्याजवळ वर्ष असते आणि इथे चार-आठ दिवसच असतात, कारण चोरही शुद्धिपत्र वाचत बसलेला असतो.

लावून पाहण्याची ही पायरी गाळली की काय होते याचे उदाहरण विद्यार्थी म्हणून आपण विसरता कामा नये. त्याच २०१७ च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने पदवी परीक्षांच्या सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एका झटक्यात सर्व शाखांना लागू केली. एखाद्या विद्याशाखेत ती आधी चालवून पाहावी, प्राध्यापकांना सराव द्यावा, मग विस्तार करावा, असे झाले नाही. पंचेचाळीस दिवसांत लागायचे निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. पुढच्या शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांचे, कायद्याच्या प्रवेशाची वाट पाहणाऱ्यांचे हाल झाले. अखेर ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद गमवावे लागले. त्या पद्धतीला माझा विरोध नाही. ती आता अनेक ठिकाणी चालते. घाईला आहे. त्या घाईचा भुर्दंड ज्यांनी भरला त्यांना निर्णयात कोणी विचारले नव्हते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तांत्रिक उपाय माहीत असूनही ते होत का नाहीत?

ज्यांची घरे अजून कवेलूची आहेत त्यांना वेगळे सांगायला नको. माकडांच्या उड्यांनी, वावटळीने वर्षभर कवेलू फुटत राहतात. मृग लागण्यापूर्वी घरचा एखादा हलक्या अंगाचा माणूस छपरावर चढतो, फुटके काढतो, नवे घालतो, सरकलेले नीट बसवतो. याला आपण कवेलू फेरणे म्हणतो. ते दर वर्षी करावे लागते याबद्दल कोणाची तक्रार नसते, कारण घर आपले असते आणि गळणारे पाणी आपल्याच अंथरुणावर पडणार असते. कार्यालयाच्या संगणकाचे तसे नाही. तो घेतला एका योजनेतून, बसवला एका कंत्राटदाराने, वापरतात तीन बाबू, पासवर्ड एका चिठ्ठीवर पडद्यालाच चिकटवलेला, आणि बिघडला तर तक्रार चंद्रपूरला. अंथरूण भिजते ते चौथ्याच कोणाचे तरी, बहुधा रांगेतल्या बाबाजींचे.

निगराणीचा मालक हरवला की काय होते याचा धडा आपल्याच मुलखात गिरवला गेला आहे. पूर्व विदर्भात मालगुजारी काळातले हजारो तलाव आहेत. कोहळी समाजाच्या पिढ्यांनी ते बांधण्यात नाव कमावले. तेव्हा पाळीची डागडुजी, गाळ काढणे, पाटाची साफसफाई यांचे नियम गावात ठरलेले होते. तत्कालीन मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने १९५१ पासून मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. मालगुजारी जाणे न्याय्यच होते. त्या व्यवस्थेतील वेठबिगार आणि जाच आपल्या आजोबा-पणजोबांनी सोसला आहे, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु मालकाबरोबर निगराणीचा नियमही गेला आणि त्याच्या जागी दुसरा नियम नीट उभा राहिला नाही. गाळ साचत गेला, पाळी खचल्या, 'माजी मालगुजारी तलाव' म्हणजे मामा तलाव हे नावच तेवढे जिव्हाळ्याचे उरले. तलाव एका दिवसात मेले नाहीत; दर वर्षी थोडे थोडे काम राहून गेले. कार्यालयांतील संगणकांची हीच कथा मला दिसते, फक्त इथे गाळ साठ वर्षांनी न भरता साठ दिवसांत भरतो.

मोठ्या संस्थाही यातून सुटत नाहीत. विंडोज एक्सपीला मिळणाऱ्या दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ ला थांबल्या. तरीही देशातील कित्येक एटीएम यंत्रे त्यावरच चालत राहिली आणि जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला बँकांना टप्पे बांधून द्यावे लागले, की सप्टेंबरपर्यंत एक चतुर्थांश यंत्रे, डिसेंबरपर्यंत निम्मी, आणि जून २०१९ पर्यंत सर्व यंत्रे नव्या प्रणालीवर आणा. पाच वर्षे! ज्या यंत्रातून पैसे बाहेर पडतात त्याची ही गोष्ट, तर ज्यातून केवळ दाखले बाहेर पडतात त्याची काय कथा? एप्रिल २०२२ मध्ये केंद्राच्या 'सर्ट-इन' या संस्थेने आदेश काढला की संगणकावर हल्ला झाल्याचे ध्यानात येताच सहा तासांत कळवावे. आदेश योग्यच आहे. पण कळवायचे कोणी, हे कार्यालयात आधी ठरलेले असायला हवे ना? नाहीतर सहा तास 'हे माझ्या टेबलाचे काम नाही' यातच जातील.

हा प्रश्न आपल्या महाविद्यालयापुरता आता टाळण्याजोगा राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० च्या नेहमीच्या दुरुस्त्या बंद झाल्या. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चीप लागते; साधारण २०१८ पूर्वीच्या बहुतेक यंत्रांवर ते अधिकृतपणे बसत नाही. आपल्यासारख्या महाविद्यालयांतील ग्रंथालयात, कार्यालयात, प्रयोगशाळेत याच वयाची यंत्रे असतात. ती भंगारात काढावीत, असे विक्रेते सांगतील. तसे करण्याची घाई नको. शिक्षणसंस्थांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव दुरुस्त्यांचा दर प्रत्येक संगणकामागे पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर असा ठेवला. म्हणजे तीन वर्षांचे मिळून एका यंत्राला सहाशे-सातशे रुपये. आपल्या स्नेहसंमेलनाच्या मंडपातील एका पंख्याचे भाडे! अट ही की मुळातली प्रत अधिकृत पाहिजे आणि खरेदी संस्थेच्या परवान्यामार्फत झाली पाहिजे. चोरीच्या प्रतीवर बसलेल्याला हा दरवाजा बंद आहे.

दुसरा मार्ग लिनक्सचा. सी-डॅकने 'बॉस' ही मराठीतही चालणारी प्रणाली तयार केली आहे. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त प्रणालीवरच मुलांना संगणक शिकवला आणि त्यांचे काही अडले नाही. ग्रंथालयातील शोधयंत्रे आणि विद्यार्थ्यांच्या टंकलेखनाचे संगणक उद्या लिनक्सवर नेता येतील. कार्यालयाचे मात्र अवघड. अंगठ्याच्या यंत्राची, पगाराची सॉफ्टवेअरे बहुधा विंडोज मागतात. आणि लिनक्सला अपडेट लागत नाही ही एक गोड समजूत आमच्या काही मित्रांत आहे, ती त्यांनी सोडावी. शुद्धिपत्र तिथेही निघते; फक्त त्याचे पैसे पडत नाहीत.

इंटरनेट मंद आहे, ही सबब मात्र मी मान्य करणार नाही. महिन्याचे अपडेट पाचशे मेगाबाइटच्या वर जाते, दहा यंत्रांनी दहा वेळा उतरवले तर जाळे बसते, हे खरे. पण एका यंत्राने उतरवलेले त्याच जाळ्यातील दुसऱ्यांना वाटून घेण्याची सोय विंडोज १० पासून आहे. ती चालू करायला पैसे लागत नाहीत. वीज जाण्याची सबब अधिक खरी आहे. अर्ध्यावर वीज गेली तर यंत्र रुसते. कार्यालयाला इन्व्हर्टर असतो. त्यावर पंखे किती आणि संगणक किती जोडलेले आहेत ते एकदा मोजून पाहावे.

माझी सूचना अशी. प्राचार्यांनी लेखी आदेशाने कार्यालयातील एका व्यक्तीकडे हे काम सोपवावे आणि त्यासाठी तिचे दुसरे काहीतरी काम कमी करावे. आहे त्या ओझ्यावर आणखी एक पोते टाकले तर ते खाली पडणारच. तिच्या हाताखाली 'कमवा व शिका' योजनेतील दोन विद्यार्थी द्यावेत. दुसऱ्या मंगळवारनंतरच्या शनिवारी दुपारी ग्रंथालयातील दोन यंत्रांवर अपडेट लावावे, पुढच्या शनिवारी सर्वांवर. त्यापूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. जोडलेलीच राहिली तर खंडणीखोर तिलाही सोडत नाही. पासवर्ड प्रत्येक यंत्राचा वेगळा. रोजच्या कामासाठी साधे खाते, व्यवस्थापकाचे खाते फक्त त्या शनिवारी. एवढ्याला कोणा तज्ज्ञाला नागपूरहून बोलावण्याची गरज नाही. चिमूर जिल्हा होईल तेव्हा होवो, पण हे काम त्यावाचून अडलेले नाही.

राज्यशास्त्राच्या एका सरांना ही कल्पना सांगितली तेव्हा ते म्हणाले, "हे शिपायाचे काम तुम्ही विद्यार्थी कशाला करता?" मला वाटते, या प्रश्नातच आपल्या सगळ्या मामा तलावांचे उत्तर आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी याच मुलखात ग्रामसफाईसाठी झाडू हातात धरायला लावला, तेव्हाही हा प्रश्न कोणी तरी विचारलाच असेल.

आम्ही चौघांनी नोंदवहीचे पहिले पान आखून ठेवले आहे. रकाने सहा: संगणकाचा क्रमांक, जागा, प्रणाली, शेवटच्या दुरुस्तीची तारीख, फायलींची प्रत घेतल्याची तारीख आणि जबाबदार व्यक्ती. ग्रंथपालांच्या परवानगीने ग्रंथालयातील यंत्रांचे पहिले तीन रकाने भरूनही झाले. चौथ्यात जे लिहावे लागले ते वाचण्यासारखे आहे. वही ग्रंथालयात मिळेल. सहावा रकाना कोरा आहे, कारण तो भरण्याचा अधिकार आमचा नाही.